पाऊस असो, ऊन असो : मुलांच्या खेळाविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. पावसामुळे, उन्हामुळे, धुरक्यामुळे किंवा परदेशातील बर्फामुळे मुले घरात अडकतात, अडकली की मोबाईल घेऊन बसतात, आणि एकदा ही सवय लागली की हवा सुधारल्यावरही ती जागची हलत नाहीत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. जून उजाडला की दोघांचे खाली जाणे बंद होते. घरात उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरील आजी तक्रार करतात, आणि बाहेर सोडावे तर सर्दी-तापाची भीती वाटते. चार महिने मुलांना खेळते कसे ठेवावे?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : मुलांना नेमका किती खेळ लागतो, हे आधी पाहू, म्हणजे आपल्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांची दररोज सरासरी ६० मिनिटे श्वास जलद होईल अशी हालचाल व्हायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोराचा, स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. ही ६० मिनिटे सलग असण्याची गरज नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात, आणि दोन खोल्यांच्या घरात तेच अधिक जमण्यासारखे आहे. संपूर्ण संध्याकाळ मुलांना गुंतवून ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असे मानू नये.

दुसरी गोष्ट अशी, की पावसाळा म्हणजे चार महिने अखंड कोसळणारा पाऊस नव्हे. आपल्याकडे पाऊस सरींनी येतो आणि दोन सरींच्या मध्ये उघडीप मिळते. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी मुलांना अजिबात बाहेर काढू नये. इतर दिवशी मात्र रिमझिम चालू असतानाही त्यांना अर्धा तास खाली नेण्यास हरकत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या पाण्यामुळे नव्हे. विषाणू पसरायला बंद खिडक्यांची, माणसांनी भरलेली खोली मैदानापेक्षा अधिक सोयीची असते. भिजलेल्या कपड्यांत कुडकुडत बसणे वाईट, हे खरेच आहे. म्हणून खाली उतरण्यापूर्वीच दाराजवळ टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचे दोन जोड काढून ठेवावेत आणि परत आल्याबरोबर डोके पुसून कपडे बदलावेत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण मुलांचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पायांत गमबूट असावेत.

खरी काळजी घ्यायची ती साचलेल्या पाण्याची. उंदीर, घुशी, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला जखम किंवा चिरा असतील तर जंतू सहज आत शिरतात. रस्त्यावर तुंबलेल्या आणि गटाराशी मिसळलेल्या पाण्यात मुलांना मुळीच उतरू देऊ नये. तशा पाण्यातून चालावे लागलेच तर पाय साबणाने धुवावेत, मुलांच्या वयानुसार प्रतिबंधक औषध लागते का हे एक-दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारावे, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर पाण्यातून चालल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, म्हणून खेळायला जाताना अंगभर कपडे घालावेत.

आता घरातील खेळांविषयी. श्रावणातील मंगळागौरीचे खेळ भर पावसाळ्यात आणि घरातच खेळले जातात, त्यामुळे लहान जागेत अंगातून घाम काढण्याची सोय त्यांत आयतीच आहे. त्यांच्यावर बायकांचे खेळ असा शिक्का बसला आहे, तो आपल्या घरापुरता तरी पुसून टाकावा आणि मुलग्यालाही ते शिकवावेत. फुगडीचे उदाहरण घ्या. दोघांनी समोरासमोर उभे राहून पायांचे चवडे एकमेकांना भिडवावेत, हातांची अढी घालून एकमेकांची मनगटे धरावीत, कोपरे सरळ करून अंगाचा भार मागे सोडावा आणि बारीक बारीक पावलांनी गरगर फिरावे. पाय जमिनीपासून फारसे सुटत नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यावर धपधप ऐकू जात नाही, आणि दोन मिनिटांतच धाप लागते. आपल्या मुलांच्या वजनांत फरक असणार, म्हणून सुरुवातीला मुलाने वेग आवरता ठेवावा. बोटे धरू नयेत, मनगटेच धरावीत, कारण बोटे घामाने निसटतात. फरशी कोरडी असावी आणि टीपॉय, खुर्च्या भिंतीला लावलेल्या असाव्यात. बसफुगडीत उकिडवे बसून आळीपाळीने एकेक पाय पुढे टाकायचा असतो, आणि मांड्यांना इतका व्यायाम देणारा खेळ मैदानावरही सहजी सापडणार नाही. झिम्म्यात टाळी आणि पाऊल यांचा मेळ घालावा लागतो, तो सहा वर्षांच्या मुलीला फार आवडेल. याशिवाय एकाने दुसऱ्याचे पाय धरायचे आणि दुसऱ्याने हातांवर चालत स्वयंपाकघरापर्यंत जायचे, पलंगाखालून सरपटत पलीकडे निघायचे, फुगा जमिनीला टेकू न देता हाताने, डोक्याने, गुडघ्याने उडवत ठेवायचा, असे आवाज न करणारे खेळ पुष्कळ आहेत. तळ्यात-मळ्यात खेळायचे असेल तर गादीवर खेळावे.

खालच्या आजींकडे एकदा मुलांना घेऊन जावे, त्यांच्या विश्रांतीची वेळ विचारून घ्यावी आणि ती पाळावी. झिम्म्याची, पिंग्याची गाणी त्यांना येत असतील तर मुलांना शिकवण्याची विनंतीही करावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळण्याची परवानगी मिळाली तर आट्यापाट्यांच्या पाट्या खडूने आखून भर पावसातही खेळता येते. मात्र गाडी मागे घेणाऱ्या चालकाला लहान मूल दिसत नाही, म्हणून एका मोठ्या माणसाने पूर्ण वेळ तेथे उभे राहिलेच पाहिजे, आणि गाड्या परतण्याच्या वेळेआधी खेळ आटोपावा.

प्रश्न : मी पाटण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मैदानावर चिखल आणि शेवाळ असते. त्यामुळे खेळाचे तास बहुतेक वेळा गणिताला दिले जातात. एक वर्गखोली आणि एक लांबट व्हरांडा एवढीच कोरडी जागा आहे. चाळीसच्या आसपास मुले आहेत. काय करता येईल?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपण हा प्रश्न विचारलात याचाच मला आनंद झाला, कारण पावसाळ्यात खेळाचा तास बुडणे ही गोष्ट आपल्या शाळांनी फार निमूटपणे स्वीकारली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. पण कोयनेच्या खोऱ्यात ते मैदान वर्षातील चार महिने वापरताच येत नसेल, तर त्या चार महिन्यांचे वेगळे नियोजन जूनमध्येच व्हायला हवे. खेळाचा तास गणिताला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगातील रग जिरली नाही तर मुलांचे गणितातही लक्ष लागत नाही, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे.

आपल्या व्हरांड्याला सर्वांत योग्य म्हणजे लेझीम. शाळेच्या कपाटात लेझमी असतातच. फक्त त्या पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस बाहेर निघतात आणि पुन्हा आत जातात. प्रत्येक मुलाला दोन हात पसरण्याएवढी जागा पुरते, म्हणून वीस मुले दोन रांगांत व्हरांड्यात आणि वीस वर्गात, असे दोन गट करावेत. एकाने हलगी किंवा नुसता डबा वाजवून ठेका धरावा. सुरुवातीला जागेवर उभे राहून चार ठोक्यांचा साधा हात घ्यावा, मग त्यातच एक पाऊल पुढे टाकून कमरेत वाकणे, लेझीम पायाजवळ नेऊन वाजवणे, गुडघे वाकवून बसणे आणि झेप घेतल्यासारखे उठून ती डोक्यावर नेणे, असे एकेक हात वाढवत जावे. दहा मिनिटे सलग लेझीम खेळलेल्या मुलाच्या कपाळावर घाम नक्की दिसेल. पावसाच्या आवाजात लेझमीचा आवाज शेजारच्या वर्गाला फारसा जाचणारही नाही.

वर्गात राहिलेल्या गटाने बाके भिंतीला सरकवून सूर्यनमस्कार घालावेत. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार रूढ केले. तेही आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण आहे. ज्याला ना साहित्य लागते ना मैदान, अशा व्यायामाची शाळेला किती गरज असते हे त्यांनी ओळखले होते. लहान मुलांना मोजून नमस्कार घालण्याचा कंटाळा येतो, म्हणून प्रत्येक स्थितीत थांबून पाढ्यातील एकेक पायरी म्हणायला लावावी. गणिताची हौसही त्यात भागेल. दहा मिनिटांनी गटांची अदलाबदल करावी. व्हरांड्यात पागोळ्यांचे पाणी येत असेल तर कडेच्या दोन फुटांत कोणी उभे राहू नये. खेळण्याआधी फरशी गोणपाटाने पुसून घ्यावी, कारण ओल्या शहाबादीवर पाय फार पटकन घसरतो.

पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, मैदान कोरडे असते पण विजा पडतात. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ त्याच क्षणी थांबवावा आणि सर्व मुलांना पक्क्या इमारतीत घ्यावे. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये किंवा ध्वजस्तंभाजवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे उलटेपर्यंत पुन्हा मैदानावर जाऊ नये, मग ऊन पडले तरी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देण्यासाठी तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आणि मुख्याध्यापकांच्या मोबाईलमध्ये असावे.

प्रश्न : माझ्या मुलाला पाचवीत चष्मा लागला. पावसाळी ढगाळ हवेमुळे तो संध्याकाळी इनडोअर बॅडमिंटन खेळतो. तेवढे पुरेसे आहे ना?
— एक आई, लातूर

उत्तर : शरीराच्या व्यायामासाठी पुरेसे आहे, डोळ्यांसाठी नाही. लहान वयात जवळचे स्पष्ट आणि दूरचे अंधुक दिसू लागते, त्या दोषाचा संबंध मुले उघड्यावर किती वेळ घालवतात याच्याशी आहे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना रोज शाळेत ४० मिनिटे जास्तीची बाहेर घालवायला लावून तीन वर्षे त्यांची पाहणी करण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना, तर नेहमीप्रमाणे शाळा केलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना हा दोष झाला. तैवानने तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याचा कार्यक्रमच शाळांमध्ये राबवला.

यात महत्त्वाचा आहे तो प्रकाश. घरातील दिव्यांखाली साधारण दोनशे ते पाचशे लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, आणि आकाश पूर्ण झाकोळलेले असतानाही दुपारी बाहेर तो कित्येक हजार लक्स असतो. म्हणजे आपल्याला अंधारलेली वाटणारी हवासुद्धा डोळ्यांच्या दृष्टीने हॉलपेक्षा कितीतरी उजेडाची आहे. म्हणून बॅडमिंटन चालू ठेवावे, पण त्याच्या जोडीला दिवसाउजेडी, पावसाची उघडीप साधून, गच्चीवर किंवा अंगणात रोज तासभर तरी त्याला काढावे. लातूरला कोकणासारखा पाऊस नसतो, त्यामुळे हे अवघड जाऊ नये. एकदा लागलेला चष्मा बाहेर खेळल्याने सुटत नाही, हेही ध्यानात ठेवावे आणि नेत्रतज्ज्ञांकडील तपासण्या चुकवू नयेत.

प्रश्न : नातू दहा वर्षांचा आहे. सुट्टीत सकाळी उशिरा उठतो आणि अकरा-बारा वाजता बॅट घेऊन बाहेर पडतो. अडवले तर दिवसभर कूलरसमोर मोबाईल घेऊन बसतो. मी त्याच्या खिशात कांदा ठेवतो, परंतु जीव धास्तावतो. आमच्या लहानपणी आम्हीही उन्हात हिंडलो, तरी आता काय करावे ते कळत नाही.
— एक आजोबा, अकोला

उत्तर : आजोबा, आपली धास्ती योग्य आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त गेले, किंवा थेट ४५ अंशांना पोहोचले, की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते, आणि अकोल्याला ती पायरी नवी नाही. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्याचे कारणही हेच आहे. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. त्यांना घामही कमी येतो, आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचे कळत नाही. कांदा खिशात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर नातवाला उन्हात पाठवू नये. कांद्याने ऊन लागायचे थांबत नाही. सावली, पाणी आणि विश्रांती यांनीच ते थांबते.

उपाय घड्याळ बदलण्यात आहे. एप्रिल-मेमध्ये खेळाची वेळ पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर ठेवावी. त्यासाठी त्याला रात्री लवकर झोपवावे लागेल, आणि मला वाटते की या बाबतीत आजोबांइतका उपयोग दुसऱ्या कोणाचा होणार नाही. आपण पहाटे फिरायला जात असाल तर त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना बरोबर न्यावे. एकटा मुलगा पहाटे उठत नाही, मित्र खाली उभे असले की उठतो. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या हे खेळ त्या वेळी निवांत होतात. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी दोन तास क्रिकेट खेळू देऊ नये. उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून वेळ हळूहळू वाढवावी. कृत्रिम हिरवळीच्या मैदानांवर आणि लोखंडी घसरगुंडीवर उन्हात अंग भाजू शकते, तेथे सूर्य पूर्ण कलल्यावरच जाऊ द्यावे.

दुपारी अकरा ते पाच घरातच राहावे, आणि त्या वेळेत तो बसून राहिला तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. सागरगोटे, काचापाणी, कॅरम हे दुपारचेच खेळ आहेत. मधूनमधून जिन्याच्या सावलीत दोरीवरच्या थोड्या उड्या मारल्या तरी पुष्कळ. कूलरविषयी एक सूचना मनापासून करतो. ओल्या अंगाने, अनवाणी पायांनी मुलांनी कूलरला हात लावू नये, आणि पाणी भरताना तो बंद करून प्लग काढलेला असावा. कूलरचा शॉक बसून दर उन्हाळ्यात मुले दगावतात.

खेळण्यापूर्वी ग्लासभर पाणी, खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट, आणि घरी आल्यावर मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा लिंबाचे सरबत द्यावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, चक्कर अशी तक्रार केली तर त्याला ताबडतोब सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि वारा घालावा. तो असंबद्ध बोलू लागला, ग्लानीत गेला किंवा अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात समजावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालणे एक क्षणही थांबवू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. डिसेंबरात सकाळी स्केटिंगला नेले की खोकला सुरू होतो. थंडीत खेळ बंदच ठेवावा का?
— एक वडील, पुणे

उत्तर : बंद ठेवू नये. वेळ बदलावी. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूर, धूळ त्यातच अडकून राहतात. ऊन चढल्यावर हवा वर-खाली मिसळते आणि प्रदूषण विरळ होते. उन्हाळ्यात पहाट चांगली असते, तर थंडीत दुपारी तीन ते पाचची वेळ चांगली, असे सोपे सूत्र आपल्याला धरता येईल. शिवाय पहाटेची थंड, कोरडी हवा तोंडाने ओढली जाते तेव्हा दम्याच्या मुलांच्या श्वासनलिका आकसतात, तोही त्रास दुपारी टळतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर आपल्या भागाचा हवा गुणवत्ता निर्देशांक रोज पाहता येतो. माझा सल्ला असा : निर्देशांक १०० पर्यंत असेल तर मुलीने मोकळेपणाने खेळावे. १०१ ते २०० असेल तर खेळावे, पण सलग धावणे टाळावे आणि आपण जवळ असावे. २०० च्या पुढे तिला घरात खेळवावे, आणि ३०० च्या पुढे दमा नसलेल्या मुलांनाही बाहेर पळवू नये. दिवाळीच्या फटाक्यांनंतरच्या सकाळी तर आकडा न पाहताच घरात राहावे. खेळापूर्वी दहा मिनिटे हळूहळू अंग गरम करावे. खेळण्याआधी औषधाचा पंप (इन्हेलर) घ्यायचा का आणि किती, हे तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पंप आपल्या गाडीत न ठेवता प्रशिक्षकांच्या हाताशी ठेवावा आणि तो कसा द्यायचा हे त्यांना एकदा करून दाखवावे. औषध नीट चालू असूनही वारंवार खोकला येत असेल तर औषधाची मात्रा तपासून घेण्याची ती वेळ आहे, खेळ सोडण्याची नव्हे.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी कॅल्गरीला आलो. शाळेत मुलांना उणे पंधरा अंशांतही मधल्या सुट्टीत बाहेर काढतात. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हा निर्दयपणा वाटतो आणि त्या मुलाला घरी ठेवा म्हणतात. आमचे काही चुकते आहे का?
— एक आई, कॅल्गरी, कॅनडा

उत्तर : आपले चुकत नाही, आणि सासूबाईंची काळजीही समजण्यासारखी आहे. पुण्यात दहा अंशांना कानटोपी निघते, तेथे उणे पंधरा हा आकडाच भीती घालणारा आहे. त्यांना हे सांगावे की कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एक मर्यादा घातलेली आहे. तापमान किंवा वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २७ अंश किंवा त्याहून खाली गेली, की लहान मुलांना आत ठेवण्याचा विचार करावा, असे ती संघटना सांगते. त्याच्या अलीकडे प्रश्न उरतो तो कपड्यांचा.

आपण मराठी माणसे थंडी म्हटली की एक जाड स्वेटर चढवतो. तेथे पातळ कपड्यांचे थर लागतात. अंगालगत सुती गंजी नको, कारण ती घाम शोषून ओली राहते आणि ओला कपडा अंगातील ऊब काढून घेतो. लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा कपडा आत, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारा कोट असावा. सुट्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक ऊब देतात. आजीने विणलेला लांब मफलर खेळताना घालू नये. तो घसरगुंडीत किंवा झोक्यात अडकून गळा आवळला जाण्याचा धोका असतो, म्हणून गळ्याभोवती बसणारी लोकरीची पट्टी घालावी. सासूबाई विणकाम करत असतील तर ती त्यांनीच विणून द्यावी.

गाल, नाक, कान किंवा बोटे पांढुरकी आणि बधिर झाली तर मुलाला लगेच आत आणावे. तो भाग चोळू नये आणि शेगडीसमोरही धरू नये, कोमट पाण्यात किंवा अंगाच्या उबेने सावकाश गरम करावा. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे शाळेतील मधली सुट्टी हाच मुलाला उजेडात खेळायला मिळणारा मुख्य वेळ आहे, तो वाया घालवू नये. चिनूक वारे आले आणि काही तासांत हवा उबदार झाली, की तो दिवस शक्यतो मैदानावर काढावा. घसरगाडीवर टेकडी उतरताना हेल्मेट हवेच. वस्तीतील बर्फाच्या रिंगणावर सासूबाईंना एकदा मुलाबरोबर घेऊन जावे. तेथे नातू स्वतः उत्साहाने खेळताना पाहिला की पत्रातील अर्धा वाद मिटेल असे मला वाटते.

प्रश्न : नात दोन वर्षांची आहे, तिचे आईवडील नोकरीला जातात. पावसात तिला बाहेर नेता येत नाही, म्हणून जेवताना आणि एरवीही टीव्ही लावून देते. एवढ्या लहान मुलाला व्यायामाची गरज असते का?
— एक आजी, फोंडा, गोवा

उत्तर : आजी, तिला मोठ्या मुलांपेक्षा जास्त हालचाल लागते. या वयात दिवसभरात मिळून किमान तीन तास तिने चालावे, चढावे, वाकावे, ओढावे, ढकलावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे मार्गदर्शन आहे. टीव्ही-मोबाईल मिळून तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तम, आणि खुर्चीत किंवा बाबागाडीत सलग तासाभराहून जास्त वेळ बांधून बसवू नये.

यासाठी वेगळे काही आणावे लागत नाही. वाळलेले कपडे घडी करताना तिला एकेक कपडा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सांगा, कांदे-बटाटे एका टोपलीतून दुसरीत टाकू द्या, उशांचा डोंगर करून त्यावर चढू द्या. घराला बाल्कांव, म्हणजे पुढची छपराखालची ओसरी, असेल तर पाऊस पडत असतानाही तिला तेथे घेऊन बसता येईल, आणि पागोळ्यांखाली हात धरण्यात तिचा अर्धा तास सहज जाईल. पाण्याशी खेळताना मात्र तिला क्षणभरही एकटे सोडू नका. एवढेसे मूल बादलीतील वीतभर पाण्यातही बुडू शकते, म्हणून फोन वाजला किंवा दारात कोणी आले तर तिला कडेवर घेऊनच उठा. टीव्ही एकदम बंद केलात तर पहिले काही दिवस ती रडेल. आधी जेवतानाचा टीव्ही बंद करा, तो आठवडाभर जमला की मग दुपारचा.